ऑटिझम असलेल्या मुलाच्या मेटाबॉलिक टेस्ट करायच्या आहेत? आधी वही घ्या

मुलाला ऑटिझम आहे हे कळलं की चार दिवसांत कोणीतरी सांगतंच, यांचं मेटाबॉलिझम (खाल्लेल्याचं शरीरात ऊर्जेत आणि इतर घटकांत रूपांतर होणं) वेगळं असतं, अमुक पावडर चालू करा. यातलं अर्धं खरंय. ऑटिझम असलेल्या मुलांच्या ग्रुपमध्ये ग्लुटाथायोन (पेशींचं नुकसान रोखणारा घटक) सरासरीने कमी सापडलंय, काहींमध्ये लॅक्टेट (पेशींना ऊर्जा बनवताना अडचण आली की वाढणारा घटक) जास्त, २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात साधारण ५ टक्के मुलांमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) आजार धरला होता. पण सरासरी ही ग्रुपची असते, आपल्या पोराची नाही, आणि पावडर आपल्या पोराच्या पोटात जाते.

म्हणून आधी वही. झोप, शी, काय खाल्लं, ताप कधी आला आणि त्यानंतरचे आठ दिवस कसे गेले, एवढं दोन-तीन आठवडे लिहा. लिहिताना खास लक्ष ठेवायचं ते असं: तापानंतर किंवा उपाशी राहिल्यावर येत असलेले शब्द गेले का, चालणं बिघडलं का, फिट येते का, अंग सैल आहे का, थोडं खेळून एकदम गळून जातो का, पुन्हा पुन्हा उलट्या, लघवीला किंवा घामाला विचित्र वास, वाढ खुंटलेली. पायाची दुसरी-तिसरी बोटं चिकटलेली आहेत का तेही बघा, कारण कोलेस्टेरॉल नीट न बनण्याच्या एका आजारात ती खूण असते. यातलं काही असेल तर मेटाबॉलिक किंवा जेनेटिक्सच्या डॉक्टरांना वही दाखवा. आणि तापात मूल सुस्त पडलं, उलट्या थांबत नाहीयेत, असं असेल तर वही-बिही राहू दे, सरळ इमर्जन्सीत जा.

यातलं काहीच नसेल तर महागडं पॅनेल (बऱ्याच टेस्टचा संच) करायची गरज बहुतेक पडत नाही. मात्र मूल मोजकेच दोन-चार पदार्थ खात असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी बघून घ्या, रात्रभर पाय हलवणाऱ्या, तळमळणाऱ्या मुलांमध्ये फेरिटिन कमी निघतं बऱ्याचदा.

वरच्या खुणा असतील तर डॉक्टर साधारण रक्तातली अमिनो अ‍ॅसिड, असिलकार्निटीन (चरबी नीट वापरली जाते का ते दाखवणारी टेस्ट), अमोनिया, लॅक्टेट आणि लघवीतली ऑर्गॅनिक अ‍ॅसिड सांगतात. लघवीत क्रिएटिन आणि ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट (क्रिएटिन बनण्याआधीचा घटक) पण बघायचं का हे तुम्ही विचारा, कारण मेंदूला क्रिएटिन न मिळण्याच्या आजारात बोलणं खूप मागे राहतं, आणि त्यातल्या काही प्रकारांना उपचार आहेत, जितके लवकर तितके चांगले. पीकेयू म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो अ‍ॅसिड शरीराला न पचण्याचा जन्मजात आजार, त्याचं पण तसंच, जन्मल्यावर टाच टोचून टेस्ट झाली होती का ते जुन्या कागदांत शोधा.

आता सॅम्पल, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. माझ्या मुलाचं लॅक्टेट पहिल्यांदा जास्त आलं, आम्ही दोन आठवडे नीट झोपलो नाही. नंतर आठवलं की त्या दिवशी तिघांनी धरला होता, दंडाला पट्टा किती तरी वेळ आवळलेला, तो किंचाळून लालबुंद, आणि नळी टेबलावर तशीच पडून. दुसऱ्यांदा आधी बधिर करायचं क्रीम लावलं, मांडीवर घेऊन त्याचं आवडतं पंख्याचं व्हिडिओ लावलं, पट्टा न बांधता रक्त घेतलं आणि नळी लगेच बर्फात. नॉर्मल आलं. त्यामुळे आधीच लॅबला फोन करून विचारा, लॅक्टेट-अमोनियाचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच तपासता का, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने रात्रभर ठेवू नका, काही मेटाबॉलिक आजारांत उपास धोक्याचा असतो. जी सप्लिमेंट चालू आहेत त्यांची यादी द्या, बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट पण फसतो. रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल (चिडचिड, आक्रमकपणासाठीची औषधं) चालू असेल तर वजन, शुगर आणि लिपिड अधूनमधून बघावं लागतं, व्हॅलप्रोएट (फिटचं औषध) असेल तर कार्निटीनचं विचारा, ते त्याने कमी होऊ शकतं.

केसांची टेस्ट करून शरीरात विषारी धातू साठलेत सांगणाऱ्यांपासून लांब रहा, कळकळीने सांगते. कीलेशन (औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढणं) करताना २००५ साली अमेरिकेत ५ वर्षांचा मुलगा कॅल्शियम एकदम खाली जाऊन दगावला. बी६ चे मोठे डोस पण नसांना इजा करतात. फोलिनिक अ‍ॅसिडवर छोट्या ट्रायल झाल्यात, काही मुलांचं बोलणं सुधारलं, पण ते फॉलिक अ‍ॅसिड नव्हे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

डॉक्टरांनी काही सुरू केलंच तर एका वेळी एकच गोष्ट, तारीख वहीत, आणि मध्ये दुसरं काही बदलायचं नाही, नवीन थेरपी पण नाही. घरातले आपण सगळेच आशेने बघतोय हे आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून औषधात काही धोका नसेल तर शाळेतल्या टीचरला काय चालू केलंय ते सांगू नका, फक्त दर शुक्रवारी विचारा, या आठवड्यात कसा होता, आणि त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.