पदकाच्या कडेवर लिहिलेले पणजोबा

पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या पूर्वजाचे कागदपत्र घरात नसले, तरी जुन्या ट्रंकेत ठेवलेले पदक पुष्कळदा पुरेसे ठरते. पुण्यात आमच्याकडे असे एक चांदीचे पदक वर्षानुवर्षे फक्त दोन्ही बाजूंनी पाहिले गेले, कड मात्र कोणी पाहिली नव्हती.

१. पदक आडवे धरून टॉर्चचा उजेड तिरपा पाडावा. कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मोबाइलने कडेचे तुकड्यातुकड्याने फोटो घ्यावेत.

२. सैनिक युद्धात मरण पावला असल्यास कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी व नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील विनामूल्य सूचीत शोधावे. आडनावावर विसंबू नये, कारण नोंदीत पुष्कळदा सैनिकाचे व वडिलांचे नाव आणि गाव एवढेच असते. म्हणून क्रमांक व पलटण आधी टाकून पाहावी. ‘मराठा’ हा शब्द तेव्हाच्या इंग्रजीत ‘एम’, ‘ए’ यांच्यानंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून लिहीत, खडकीचे स्पेलिंगही ‘किर्की’ असे होते. जिल्हाही जुनाच धरावा: आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता.

३. परत आलेल्या सैनिकाचे नाव या सूचीत सहसा नसते. त्याच्यासाठी कडेवरचा क्रमांक देऊन पलटणीच्या केंद्राला पत्र लिहावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे.

पदक चिंचेने किंवा पितांबरीने कधीही घासू नये. चकाकी येते, पण अक्षरे झिजतात.