हेपटायटिस सी: गोळ्या सुरू करण्याआधी आणि संपल्यानंतर

हेपटायटिस सी हा विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार आज बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. त्याच्या उपचार केंद्रांवर तपासण्या आणि गोळ्या मोफत मिळतात. केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. पण विषाणू जाणं आणि यकृत सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं.

अँटी-एचसीव्ही (या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो. उपचार ठरतो तो एचसीव्ही आरएनए, म्हणजे व्हायरल लोडच्या (रक्तात आत्ता किती विषाणू आहे त्याच्या) रिपोर्टवर.

त्यानंतरचा प्रश्न असतो सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होणं, आहे का. यासाठी सोनोग्राफीसोबत रक्ततपासणीच्या आकड्यांवरून एप्री आणि फिब-४ ही दोन साधी गणितं करतात. समजा वय ५२, एसजीओटी ८० (लॅबची कमाल मर्यादा ४०), एसजीपीटी ६४ (ही दोन्ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स), प्लेटलेट १.२ लाख. एप्रीसाठी ८० ला ४० ने भागा, आलेल्या २ ला प्लेटलेटने, म्हणजे १२० ने भागा आणि १०० ने गुणा: १.६७. फिब-४ साठी वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ: ४१६० भागिले ९६०, म्हणजे ४.३३. एप्री २ च्या किंवा फिब-४ ३.२५ च्या वर गेला तर सिऱ्हॉसिसची शंका घेतात. इथे एप्री २ च्या आत आहे, पण फिब-४ ने ३.२५ ची रेषा ओलांडली आहे. अशा वेळी एकाच आकड्यावर निश्चिंत राहू नका. फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करा किंवा तज्ज्ञांचा सल्ला घ्या. नेहमीची चूक होते ती प्लेटलेटच्या एककात: १.२ लाख हे सूत्रात १२० म्हणून घालायचे असतात.

सिऱ्हॉसिस नसेल तर साधारणपणे सोफोसबुव्हिर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटास्व्हिर ६० मिग्रॅ रोज एकदा, १२ आठवडे. सिऱ्हॉसिस आहे पण पोटात पाणी, कावीळ असं काही नाही, तर सोफोसबुव्हिर ४०० आणि वेल्पाटास्व्हिर १००, तेवढेच आठवडे. पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलत असेल, तर उपचार मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. तिथे रिबाव्हिरिन जोडतात किंवा मुदत २४ आठवड्यांची करतात. रिबाव्हिरिनमुळे गर्भाला इजा होते, त्यामुळे पती-पत्नी दोघांनाही संततिनियमन सांगितलं जातं.

पहिल्या गोळीआधी एचबीएसएजी, म्हणजे हेपटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. हेपटायटिस बी सोबत असेल तर सी दबताच बी उसळू शकतो. घरात चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. रिफॅम्पिसिन (क्षयरोगाचं औषध), फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन (फिट्सची औषधं) ही हेपटायटिस सीच्या गोळ्यांचा परिणाम घालवतात. ॲमिओडॅरोनसोबत (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचं औषध) सोफोसबुव्हिर घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. ॲसिडिटीच्या औषधांमुळे वेल्पाटास्व्हिर नीट शोषलं जात नाही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल घेत असाल तर आवर्जून सांगा. मधुमेह असेल तर उपचारात साखर वारंवार तपासा, कारण विषाणू कमी होताना ती खाली येऊ शकते.

गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. चुकली आणि १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या; त्याहून उशीर झाला तर पुढची नेहमीच्या वेळी, पण दोन एकदम नकोत. बरं वाटू लागलं की आठव्या आठवड्यात गोळ्या सोडणारे असतात. तसं करू नका. उरलेला विषाणू पुन्हा वाढतो.

दारू पूर्ण बंद. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. सिऱ्हॉसिसमध्ये पॅरासिटामॉलही दिवसाला २ ग्रॅमच्या वर नको. ‘लिव्हर साफ करणारे’ काढेही टाळा: गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतच नोंदले गेले आहेत.

शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करा. विषाणू सापडला नाही तर आजार बरा झाला. अँटी-एचसीव्ही मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येत राहील, म्हणून व्हायरल लोडचा हा रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा; पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी तो दाखवावा लागेल. सिऱ्हॉसिस होता त्यांनी विषाणू गेल्यावरही दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) करायचीच, कारण या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.

एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो. सुई, वस्तरा, दाढीचं ब्लेड, टूथब्रश वेगळे ठेवा. ताट-वाटी वेगळी करायची काहीच गरज नाही.