लार्कस्पर लावताना या चुका टाळा

लार्कस्परसारखा गडद निळा रंग हिवाळी फुलझाडांमध्ये फार थोड्यांकडे आहे. तरीही नागपुरातील कितीतरी बागांमध्ये ही रोपे फुलावर येण्याआधीच संपतात आणि खापर बियाण्यावर फुटते. माझ्या मते बियाणे क्वचितच दोषी असते, बहुतेक वेळा घाईच नडते.

पहिली घाई पेरणीची. दसरा झाला की झेंडू-झिनियाच्या हिशेबाने लार्कस्परही पेरला जातो. पण आपल्याकडे ऑक्टोबरचे ऊन चांगलेच तापलेले असते आणि या बियांना उगवण्यासाठी थंडावा व अंधार दोन्ही लागतात. माती साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस असेल तर उगवण चांगली होते. गरम मातीत बी नुसते पडून राहते किंवा कुजते. म्हणून रात्री गारवा जाणवू लागल्यावर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, पेरणी करावी. त्याआधी मी बी किंचित ओलसर रेतीत मिसळून घट्ट झाकणाच्या डबीत दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवते आणि डबीवर ‘विषारी बी’ असे ठळक लिहिते. पेरल्यावर अर्धा सेंटिमीटरभर माती पसरावी, कारण उघड्यावर राहिलेले बी नीट उगवत नाही. कोंब दिसायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. तेवढ्यात माती उकरून बी शोधणाऱ्यांना काय सांगावे, हे मला आजवर कळलेले नाही. मात्र डिसेंबर उलटू देणेही परवडत नाही, कारण मार्चमधील ऊन या झाडाला सोसत नाही.

दुसरी चूक तयार रोपे विकत आणण्याची, आणि तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण दरवर्षी हाच प्रकार पाहावा लागतो. धरमपेठेतील माझ्या एका स्नेह्यांनी डिसेंबरमध्ये एका नर्सरीतून लहान पिशव्यांतील रोपे आणून वाफाभर लावली. पाणी, खत, ऊन यांत काहीही कमी नव्हते, तरी रोपे वीतभर उंचीवरच थांबली, खालची पाने पिवळी पडली आणि शेंड्याला दोन-चार खुरटी फुले आली. रोग समजून त्यांनी आधी बुरशीनाशक मारले, मग कीटकनाशक. शेवटी आम्ही एक रोप मुळासकट उपटले, तेव्हा सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोहोचून आडवे वळलेले आणि टोकाला तपकिरी झालेले दिसले. लार्कस्परचे सारे बळ सरळ खाली जाणाऱ्या या एका मुळात असते आणि ते दुखावले की औषधाने भरून येत नाही. म्हणून बी कायमच्या जागीच पेरावे आणि रोपे चार-पाच पानांची झाली की दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. जास्तीची रोपे उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारची मुळे हलत नाहीत. विरळणीला जीव धजत नसेल, तर दाटीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीरोग, येणार हे गृहीत धरावे.

पाण्याच्या बाबतीत आपली काळी माती फसवी आहे: वरून भेगाळलेली दिसते, पण आत ओल धरून असते. मी बोट दोन पेरे खाली घालून पाहते आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देत नाही. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करून त्यात कुजलेले शेणखत आणि जाड रेती सढळ हाताने मिसळावी. बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर ती बुंधेकूज समजावी. ते झाड भोवतालच्या मातीसकट काढून टाकावे आणि पुढच्या हंगामात वाफा बदलावा.

युरियाने पाने माजतात, फुले येत नाहीत. उंच जातींना कळ्या दिसण्यापूर्वीच बांबूच्या काड्यांचा आधार द्यावा. जुने बी वापरू नये. शेंगा तपकिरी होऊन फुटण्याच्या बेतात आल्या की घरचे ताजे बी काढावे.

लार्कस्परचे सर्व भाग विषारी असतात, त्यातही बी आणि कोवळी रोपे अधिक. लहान मुले खेळतात तेथे हे झाड लावू नये. विरळणीत कापलेली रोपे किंवा हंगाम संपल्यावर उपटलेली झाडे गल्लीत गाईंपुढे टाकण्याची सवय तर ताबडतोब सोडावी, कारण गुरांना त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. ती बागेतच खड्ड्यात पुरावीत.