स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळताना या चुका टाळा

संध्याकाळचे सहा वाजले की आमची आई कापडी पिशवीत एक साडी आणि पंचांग भरून दाराशी उभी राहायची. "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल." तिची आई जाऊन ४० वर्षं झाली. सुरुवातीचे कितीतरी महिने मी रोज समजावायचे, "अगं, हेच आपलं घर. आजी नाही आता." दर वेळी ते ती पहिल्यांदाच ऐकत होती आणि दर वेळी तितकीच रडत होती. एकाच मृत्यूची बातमी मी तिला कितीदा दिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाद घालणं ही माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खराब होतो, जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. म्हणून दुपारचं जेवण आठवत नाही, पण माहेरचं अंगण लख्ख दिसतं. आपण पटवून दिलेलं राहणार कुठे? मन दुखावलेलं मात्र राहतं. का रडलो ते विसरलं, तरी रडवेलेपण तासन् तास जात नाही. आता मी म्हणते, "जाऊ या हं. आजीच्या हातचं काय आवडायचं गं तुला?" मग सांदणांच्या गोष्टी निघतात, चहा होतो, पिशवी आपोआप खाली ठेवली जाते. दिवेलागणीच्या आधीच घरातले सगळे दिवे लावले, तर ही घालमेल थोडी कमी होते.

"ओळखा पाहू मी कोण?" असं कुणी विचारू नये, हे पाहुण्यांना दारातच सांगा. "मावशी, मी शेजारचा अमुक," असं म्हणून बसावं.

हातातलं काम काढून घेणं ही दुसरी चूक. एकदा आई मटार सोलत होती. दाणे कचऱ्याच्या डब्यात, सालं ताटलीत. मी पटकन ताट ओढलं, "राहू दे, मी करते." तिने हात पदराला पुसले आणि भिंतीकडे बघत बसली. त्यानंतर पंधरा दिवस तिने कशालाच हात लावला नाही. आता दोन पातेली ठेवते आणि दाणे कुठेही पडले तरी नंतर मी वेगळे करते. अर्धा किलो मटारात तिची सकाळ छान जाते.

ठाण्यात ठिकठिकाणी रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते. नौपाड्यातली आमची इमारत पाडली, आम्ही पाचपाखाडीत भाड्याने आलो आणि हौसेने सगळं नवीन घेतलं. नवं घर, त्यात वस्तूही नव्या. आईला बाथरूम सापडेना. तिचा जुना पलंग आणि देव्हारा परत आणून पूर्वीच्याच बाजूला मांडला, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवला, आतली कडी काढून टाकली, तेव्हा कुठे ती स्थिरावली. त्याआधी एका दुपारी ती निघून गेली होती. सापडली ती जुन्या इमारतीच्या पत्र्याच्या कुंपणापाशी, फाटक शोधत. तिथल्या वॉचमनने तिला खुर्ची दिली होती. माणूस हरवलं तर २४ तास थांबायचं असतं, हा गैरसमज आहे. लगेच ११२ ला फोन करा. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या कपड्यात शिवून ठेवा.

"आजारच वाढला" असं धरून चालणं धोक्याचं असतं. स्मृतिभ्रंश सहसा हळूहळू वाढतो. दोन दिवसांत बडबड, भास किंवा गुंगी सुरू झाली, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, डोक्याला लागलेला मार किंवा नवी गोळी, असं काहीतरी कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, तेव्हा मनाने काही देऊ नका. आणि अगदी सुरुवातीला, "वय झालं" म्हणून सोडून देण्याआधी, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. कमतरता निघाली तर त्यावर उपचार आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून ठेवलं की झालं, असं अनेकांना वाटतं. पण भारतीय करार कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. मृत्युपत्र, नॉमिनी, बँकेचं खातं हे समज शाबूत आहे तोवर करा.

शेवटची चूक मी तीन वर्षं केली, सगळं एकटीने ओढलं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. पण आधी घरच्यांकडेच नेमकं मागा. "मदत करा" म्हटलं की फोनवर सल्ले मिळतात. मी भावाला सांगितलं, शनिवारी १ ते ६ आई तुझी. पहिल्या शनिवारी तो घाबरला होता. आता येताना मटार तोच घेऊन येतो.