जुनी शिडाची बोट घेताय? सारंगखेड्यात घोडा बघतात तशी बघा, आणि या चुका टाळा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर उचलून पाहतो, मग चालवून, पळवून बघतो. शेपटीचा झुपका सगळ्यात शेवटी. मी मुंबईकडे जुनी शिडाची बोट घ्यायला गेलो तेव्हा नेमकं उलटं केलं. निळा पट्टा, चकाचक पॉलिश, दुरून पांढरंशुभ्र दिसणारं शीड. पाच मिनिटांत व्यवहार ठरला आणि पुढचं दीड वर्ष मी दुरुस्तीत घालवलं. गाडीमागे ट्रेलर लावून धरणावर नेता येईल अशी बोट घ्यायचं तुमच्याही मनात असेल, तर माझ्या पैशाने शिकून घ्या.

धरण न बघता बोट घेणं

सगळ्यात महाग चूक ही. जाहिरातीत वीस-बावीस फुटी, केबिनवाली, खाली शिशाचं वजन असलेली बोट दिसते आणि माणूस भाळतो. आपल्याकडे खानदेशात धरणं म्हणजे वाघूर, हतनूर, गिरणा किंवा तापीवरचे बॅरेज. काठावर बोट क्लबासारखा काँक्रीटचा उतार बांधलेला नसतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की मध्ये उरते ती काळी माती. वरून सुकलेली, भेगाळलेली, खाली लोण्यासारखी. जड बोटीचा ट्रेलर त्यात गेला की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला भाऊ आधी पोटभर हसतो, मग भाडं सांगतो.

म्हणून चार माणसांनी उचलता येईल एवढीच बोट घ्या. एंटरप्राइज नावाची दोन माणसांची बोट साधारण चार मीटर लांब, तिचा रिकामा हल, म्हणजे डोलकाठी-शीड सोडून नुसतं धड, सुमारे ९० किलो. लेझर एकट्याची, हल ५९ किलोच्या आसपास, पण ती नवशिक्याला हमखास पाण्यात पाडते. पहिली बोट म्हणून मी एंटरप्राइजच सांगेन. उचलायला चार जण कुठून आणायचे? हिवाळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं आमंत्रण द्या, सहा येतात.

जलाशयात उतरायची परवानगी जलसंपदा विभागाकडे आधीच विचारा. इंजिन लावायचा विचार असेल तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आणि नोंदणी आली. नवशिक्याने इंजिनाच्या फंदात पडूच नये असं माझं मत. आणि पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागतात तेव्हा बोट घरी झाकून ठेवायची, यावर चर्चा नको.

वजन न करणं

हे कुणी सांगत नाही. अशा बोटींच्या पोटात हवेच्या बंद टाक्या किंवा फोम असतो, बोट उलटली तरी बुडू नये म्हणून. वर्षानुवर्षं बारीक गळती झाली की तो फोम पाणी पितो. बाहेरून काही कळत नाही. माझी बोट एका ओळखीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर ठेवली, तर ९० च्या जागी १२१ किलो. एकतीस किलो पाणी मी रोख पैसे देऊन विकत घेतलं होतं! तुम्ही घेण्याआधीच काटा शोधा. मोठ्या धरमकाट्यावर पाच-दहा किलोंचा फरक नीट कळत नाही, प्लॅटफॉर्म काटाच हवा.

सुदैवाने यावर औषध आपल्या घरी आहे. मार्च ते मे झाकणं उघडी ठेवून बोट विटांवर, सावलीत, वारा लागेल अशी ठेवली. पंचेचाळीस अंशांच्या जळगावी उन्हाळ्याने ती ९८ वर आणली.

टाकी गळते का हे बघायला सांध्यांवर साबणाचा फेस लावा आणि नळीतून तोंडाने फुंका. बुडबुडा आला की भोक सापडलं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका, टाकीचा सांधाच उकलेल.

नुसतं डोळ्यांनी बघणं

हलवर आणि डेकवर रुपयाच्या नाण्याने ठोकत जा. टणक ‘टक टक’ आली तर बरं. मध्येच ‘भद’ असा आवाज आला तर तिथे फायबरचे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. डोलकाठीच्या बुडाशी आणि सेंटरबोर्डच्या (बोट आडवी वाहू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीभोवती जास्त वेळ घालवा. बोटीच्या मधोमध उभी असलेली ही पेटी म्हणजे जुन्या बोटींचं दुखणं. बोट ट्रेलरवर असतानाच आत दोन बादल्या पाणी ओता आणि खाली वाकून बघा. विकणारा चहा प्यायला बोलवेल. थेंब पडतो का ते बघून मग चहा घ्या.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांवरून कापसाचा पिळा फिरवा. तुटलेला बारीक धागा डोळ्याला दिसत नाही, पण कापूस त्यात लगेच अडकतो. विशेषतः टोकाला, जिथे तार फिटिंगमध्ये शिरते. एक जरी धागा तुटलेला असेल तर ती तार बदलायचीच, आणि तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पूड दिसली तर धातू खाल्ला जातोय.

शिडाची शिवण नखाने खरवडा. दोरा तुटत असेल तर उन्हाने त्याचा जीव गेलाय. कापड शाबूत असेल तर दोरा पुन्हा घालता येतो. कापडही मऊ, जुन्या धोतरासारखं झालं असेल तर नव्या शिडाचा भाव काढा आणि मगच बोटीचा भाव बोला.

ट्रेलर फुकट मिळाला म्हणून खूश होणं

बोट समुद्रावरची असेल तर ट्रेलरनेही खारं पाणी प्यायलेलं असतं. माझ्या ट्रेलरचं डावं चाक चांदवडच्या पुढे तापलं, ग्रीस वितळून रिमवर ओघळलं, आणि रात्रीचे अकरा. बेअरिंग गंजून भुसा झालं होतं. निघण्याआधी चाक उचलून हाताने फिरवा. खरखर आली तर दोन्ही बाजूंची बेअरिंग तिथेच बदला. वाटेत दर थांब्याला हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावा. कोमट चालेल, चटका बसायला नको. धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेला हब पाण्यात गार होताना पाणी आत ओढतो. अर्धा तास थांबा.

टायरची नक्षी फसवते. अशा ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उन्हात वाळतात. बाजूवर चार आकडी कोड असतो: १४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हूकवर यायला हवा. बोट मागे सरकली तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीही ओढून नेतो. ट्रेलरचं आरसी बुक मागा. कायद्याने ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे.

वर न बघता डोलकाठी उभी करणं

ही चूक माणूस मारते. आपल्या धरणांच्या काठाने शेतीपंपांच्या वीजतारा गेलेल्या असतात, कुठे कुठे झोळ पडून बऱ्याच खाली आलेल्या. अ‍ॅल्युमिनियमची लांबलचक काठी हातात धरून त्याखाली जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मोकळ्या जागी काठी उभी करायची, आणि उभी असताना बोट तारांखालून एक फूटही ढकलायची नाही.

पाण्यात थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे. पहिल्या दिवशी काठावरच्या मच्छीमार दादांना विचारूनच उतरा. बुडालेली झाडं कुठे, वारा कुठून उठतो, सगळं ते सांगतात. मे-जूनमध्ये केळीच्या बागा झोपवणारं वादळ येतं तसं क्षितिजावर धुळीची भिंत दिसली, की शीड खाली घेऊन काठ गाठा. लाइफ जॅकेट मात्र नवीनच घ्या, सेकंडहँड नको.

मला वाघूरवर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं होतं, “भाऊ, इंजिन कोठे शे?” मी रुबाबात शिडाकडे बोट दाखवलं आणि बोट ढकलली. दहा मिनिटांत घोट्यापर्यंत पाणी आलं. मागच्या भोकाचं बूच गाडीत राहिलं होतं. तेव्हापासून ते गाडीच्या किल्लीलाच बांधलेलं असतं.