एक नोव्हेंबरच्या आधी: लिव्हरपूलच्या एका वॉर्डाची तयारी

साल १८४१. मतदान सोमवारी, एक नोव्हेंबरला. पण ज्याच्या गळ्यात वॉर्ड पडला आहे त्या कार्यकर्त्याने ऑगस्टपासूनच कंबर कसावी. लिव्हरपूलची नगरपालिका नोव्हेंबरात जिंकता येत नाही. नोव्हेंबरात फक्त मते मोजतात, निकाल लागतो तो त्याआधीच, करपावत्यांच्या ढिगात.

म्हणून पहिले काम थकबाकीचे. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने मत करदात्या पुरुषाला दिले आहे. घर, दुकान, वखार किंवा पेढी, काहीतरी त्याच्या ताब्यात हवे, तेही यंदा आणि मागची दोन वर्षे सलग. शिवाय गरिबांसाठीचा कर आणि नगराचा कर चुकता हवा. सवलत फक्त ३१ ऑगस्टच्या आधीच्या सहा महिन्यांत देय झालेल्या कराला आहे. त्याआधीचे काही शिलिंग जरी बाकी असतील तरी नाव उडाले. तेव्हा आपल्या माणसांची यादी घेऊन दारोदार फिरा, पावती डोळ्यांनी बघा, ‘भरलाय हो’ एवढ्यावर परत फिरू नका. ज्यांच्या घराचा कर घरमालकच भरतो त्या भाडेकरूंचा वेगळा कागद करा, तिथे नाव गळण्याचा धोका सर्वांत मोठा. वर्षभरात पॅरिशकडून, म्हणजे चर्चच्या हद्दीवर आखलेल्या स्थानिक विभागाकडून, गरिबांसाठीची मदत घेतली असेल तर तो माणूस बाद. आणि बायकांना मत नाहीच, मग विधवा स्वतःच्या नावाने दुकान चालवून कर भरत असली तरी. (आपल्याकडे १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे ठरले, तेव्हाही मताची किल्ली कराच्या पावतीतच होती.)

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिशचे ओव्हरसियर, म्हणजे गरिबांचा कर पाहणारे अधिकारी, मतदारांच्या याद्या तयार करतात आणि त्या टाउन हॉलपाशी लागतात. तिथे एक लिहिता माणूस बसवा. आपल्यातले कोण गळले ते त्याने एका वहीत उतरावे, समोरच्यांपैकी कोण चुकून घुसले ते दुसऱ्या वहीत. दावे आणि हरकती १५ सप्टेंबरपर्यंत, लेखी. हरकत घेतली तर ज्याच्यावर घेतली त्यालाही नोटीस द्यावी लागते, हे विसरून अर्ध्या हरकती फुकट घालवू नका. मग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेयर आणि त्याच्या जोडीचे दोन असेसर, म्हणजे तपासनीस, याद्या तपासतात. या सुनावणीला वकील पाठवा, सभेत गर्जणारा पुढारी नको. इथे आवाजाला किंमत नाही, पावतीला आहे. एकाची दोन वॉर्डांत मालमत्ता असेल तर तो एकाच वॉर्डात नोंदला जातो, आणि कुठला ते तोच ठरवतो. त्याला आधीच गाठा.

उमेदवाराचे काम त्या मानाने सोपे. लिव्हरपूलसारख्या चार किंवा त्याहून जास्त वॉर्डांच्या शहरात त्याच्याकडे १,००० पौंडांची मालमत्ता हवी किंवा ३० पौंडांवर कर-आकारणी. पाद्री चालत नाही, कौन्सिलचा कंत्राटदार चालत नाही. वॉर्ड १६, प्रत्येकी तीन कौन्सिलर, म्हणजे ४८, त्यातला एक तृतीयांश दरवर्षी निवृत्त होतो. थोडक्यात आपल्या वॉर्डात जागा एकच. उमेदवारी अर्ज वगैरे भानगड कायद्यात नाही, मतदार पात्र माणसाचे कुणाचेही नाव लिहू शकतो. त्यामुळे आपल्याच पक्षाचा एखादा नाराज सज्जन ‘मी उभा नाही, पण लोकांचा आग्रह’ असे म्हणू लागला तर त्याला वेळीच चहाला बोलवा. निवडून आल्यावर पद नाकारले तर ५० पौंडांपर्यंत दंड बसतो, हे त्याच चहात सहज सांगता येते.

मुद्दा शोधायला फिरावे लागत नाही. १८३५ च्या डिसेंबरात सुधारकांनी जुनी, स्वतःच स्वतःला निवडणारी कौन्सिल उखडली आणि पाठोपाठ कॉर्पोरेशनच्या दोन शाळांची दारे कॅथलिक मुलांना उघडली, संपूर्ण बायबलऐवजी वेच्यांचा पाठ ठेवून. तेव्हापासून प्रॉटेस्टंट पाद्री रेव्हरंड ह्यू मॅकनील यांनी त्याविरुद्ध रान उठवले आहे. गोद्यांचा कारभारही याच कौन्सिलच्या हाती आहे, शहराचे पोट त्यावर चालते, पण दारात गेल्यावर लोक गोदीविषयी क्वचित विचारतात. विचारतात ते बायबलविषयी. आपला पक्ष कोणताही असो, कार्यकर्त्याला त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले पाहिजे. ज्याला पाच लागतात त्याला कागदपत्रांच्या कामाला लावा. व्यापाऱ्यांना घरी शोधू नका. टाउन हॉलच्या मागे एक्स्चेंज फ्लॅग्ज या चौकात कापसाचे दलाल उभे असतात, तिथे तासाभरात वीस जण भेटतात.

मतपत्रिकेवर उमेदवाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि व्यवसाय हवा, खाली मतदाराची सही आणि ज्या मालमत्तेवर मत आहे तिची गल्ली. गुप्त काही नाही, ते १८७२ नंतरचे. मजकूर आपण भरून द्यावा, सही मात्र ज्याची त्याने करावी. गल्लीचे नाव यादीतल्यासारखेच लिहिलेले आहे ना, हे दोघांनी वाचून पाहावे.

खुद्द त्या दिवशी मतदान नऊ ते चार. समोर आल्डरमन, म्हणजे कौन्सिलने निवडलेला ज्येष्ठ सभासद, आणि दोन असेसर. ते तीनच प्रश्न विचारू शकतात: कागदावर सही केलेला माणूस तूच ना, यादीतला तूच ना, आणि आज आधी मत दिलेस का. म्हाताऱ्या मतदारांकडून हे आदल्या संध्याकाळी घोकून घ्या, नाहीतर तिसऱ्या प्रश्नाला काहीजण गेल्या वर्षीचे मत सांगतात. पैशाने मत घेणे टाळा. नीती बाजूला ठेवली तरी दंड ५० पौंड आहे.

बंदराच्या शहराची खरी गोम नदीत आहे. मतदाराने सात मैलांच्या आत राहावे एवढेच कायदा म्हणतो, त्यामुळे पेढी लिव्हरपूलात आणि बंगला मर्सी नदीपलीकडे, असे मतदार असतात. ते पलीकडच्या वुडसाइड धक्क्यावरून फेरीबोटीने येतात. नोव्हेंबरचे धुके पडले की फेरी रेंगाळते आणि चारचा ठोका कोणासाठी थांबत नाही. या मंडळींची वेगळी यादी करा, त्यांना सकाळच्याच फेरीने आणा, धक्क्यावर माणूस आणि घोडागाडी ठेवा. पहिला तास त्यांच्यासाठीच राखलेला बरा. ऐन वेळी पलीकडे गेलेल्या एखाद्या शेठची वाट पाहत दुपारचे तीन वाजवू नका.

जिंकलात तर नऊ तारखेला मेयरची निवड आहे, आणि यंदा अर्धे आल्डरमनही कौन्सिललाच निवडायचे आहेत, तेव्हा आपला माणूस आजारी पडणार नाही याची काळजी घ्या. हरलात तरी एक शिलिंग बाजूला ठेवा. मतपत्रिका टाउन क्लार्कच्या, म्हणजे नगरपालिकेच्या चिटणिसाच्या, कचेरीत सहा महिने राहतात, आणि शिलिंग भरून कोणताही मतदार त्या चाळू शकतो. वही घेऊन जा आणि कोणी कोणाला मत दिले ते गल्लीनिहाय उतरून घ्या. येत्या ऑगस्टात दार ठोठावताना पहिले पान तेच उघडायचे आहे.