दीड सेकंद सर्व्हरला कसा सांगायचा

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची आवक वाढली की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, काढणाऱ्या सॉफ्टवेअरला उसंत नसते. असे काही सर्व्हर मी सांभाळतो. एका पेढीवर एक अडकलेली क्वेरी (डेटाबेसकडं केलेली मागणी) बाकीच्यांना खोळंबून ठेवत होती, म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कॉन्फिगमध्ये क्वेरीच्या वेळेची मर्यादा म्हणून स्टेटमेंट_टाइमआउट = 5 लिहिलं आणि रीलोड केलं. माझ्या मनात पाच सेकंद होते. पण एकक लिहिलं नाही तर हा आकडा मिलिसेकंदांत धरला जातो. क्वेऱ्या धडाधड रद्द व्हायला लागल्या. काउंटरपाशी एक आजोबा उभे होते. "लेकरा, पट्टी कवा निघंल? टेम्पोवाला थांबंना गेलाय." तेव्हापासून एकक लिहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

दीड सेकंद हवा असेल तर '1500एमएस' (टाइप करताना इंग्रजीत ms, म्हणजे मिलिसेकंद) असं एकेरी अवतरणात लिहा. '1.5एस' सुद्धा चालतं, पण 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून पुढंच. त्याआधीच्या पोस्टग्रेसमध्ये अशा पूर्णांकी व्हेरिएबलला दशांश दिला की चूक येते. जुने सर्व्हर आपल्याकडं अजून बरेच चालू आहेत, म्हणून मी मिलिसेकंदच लिहितो. नुसतं 1.5 लिहिलं तर नव्या आवृत्तीत चूक येत नाही. ते पूर्णांकात बसवून 2 मिलिसेकंद होतं, आणि हे जास्त घातक. मिनिटासाठी 'मिन' लिहायचं, नुसतं 'एम' नाही. कुठल्या व्हेरिएबलचं एकक काय, हे पीजी_सेटिंग्ज या तक्त्यातल्या युनिट रकान्यात दिसतं.

शिवाय ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरला लावू नका. ऑल्टर रोल ही आज्ञा वापरून फक्त पट्टीच्या युजरला लावा, म्हणजे रात्रीचे मोठे रिपोर्ट मधेच तुटत नाहीत. नव्या लॉगिनपासून ती लागू होते.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये प्रत्येक व्हेरिएबलची तऱ्हा वेगळी. लाँग_क्वेरी_टाइम (यापेक्षा जास्त वेळ घेणारी क्वेरी स्लो लॉगमध्ये नोंदली जाते) सेकंदांत असतो, मुळात 10, त्याला 0.5 बिनधास्त द्या, मायक्रोसेकंदापर्यंत चालतं. इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट (लॉक सुटायची वाट किती बघायची) पण सेकंदांतच, मुळात 50, मात्र तिथं पूर्णांकच लागतो. मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम (क्वेरीच्या वेळेची मर्यादा) मिलिसेकंदांत, आणि तो फक्त वाचणाऱ्या सिलेक्टला लागू. मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीचा तसाच मॅक्स_स्टेटमेंट_टाइम सेकंदांत, त्याला 1.5 चालतं. सेट ग्लोबलनं अख्ख्या सर्व्हरचा आकडा बदलल्यावर आधीच उघडलेल्या कनेक्शनला जुनाच आकडा राहतो, म्हणून ॲपची कनेक्शनं नव्यानं जोडा.

आता तपासणी. पट्टीच्या युजरनं लॉगिन करून शो स्टेटमेंट_टाइमआउट चालवा, '1.5मिन' दिलं असेल तर 90एस दिसेल. मग सिलेक्ट पीजी_स्लीप(2), म्हणजे दोन सेकंद नुसती थांबणारी क्वेरी, चालवा. दीड सेकंदाची मर्यादा असेल तर ती दोन सेकंद पुरे व्हायच्या आत रद्द झालीच पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये लाँग_क्वेरी_टाइम 0.5 दिला असेल तर स्लो लॉग चालू ठेवून सिलेक्ट स्लीप(1) चालवा आणि लॉगमध्ये ती ओळ आली का बघा. हे सगळं सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी करा.